दुपारी फिक्स का जातो? आरटीके रोव्हरच्या नेहमीच्या दुखण्याचं निदान

"सायेब, तुमचं यंत्र बी वामकुक्षी घेतंय जणू!"

माण तालुक्यातल्या एका पाइपलाइनच्या कामावर एका शेतकऱ्याने मला हे ऐकवलं, तेव्हा मी पाऊण तास पोल धरून उन्हात उभा होतो आणि कंट्रोलरवरचा ‘फ्लोट’ काही हलत नव्हता. (आरटीकेत ओळखीच्या बिंदूवर बसवलेला उपग्रह-रिसीव्हर, म्हणजे बेस, उपग्रहांच्या मापातली चूक कळवतो, ते करेक्शन. पोलवरचा रोव्हर त्यावरून सेंटिमीटरपर्यंत जागा पक्की करतो तो ‘फिक्स’; नुसता अंदाजावर राहतो तो ‘फ्लोट’.) सकाळी आठपासून हेच यंत्र पाच-सात सेकंदांत फिक्स देत होतं. दुपारी दीडनंतर रुसलं. आदल्या दिवशीही तसंच झालं होतं, आणि त्याच्या आदल्या दिवशीही.

त्या मोसमात मी काय काय केलं ते आधी सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. केबल बदलली. बॅटरी बदलली. रिसीव्हर पुण्याला दुरुस्तीला पाठवला; ‘दोष आढळला नाही’ अशी चिठ्ठी लावून तो परत आला. सिमकार्ड बदललं. शेवटी दुसऱ्याचं, दुप्पट किमतीचं यंत्र भाड्याने आणलं, तर दुपारी दीडनंतर तेही रुसलं. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असा सगळा प्रकार. दुखणं यंत्रात नव्हतंच.

हे दुखणं एकच नाही, हे कळायला मला दोन मोसम लागले. ‘फिक्स जातो’ या एका तक्रारीखाली चार-पाच वेगवेगळे रोग लपलेले असतात. त्यांतले काही आकाशात, काही मोबाइलच्या टॉवरवर, काही हायवेवरच्या एखाद्या गाडीच्या डॅशबोर्डवर आणि काही थेट दिल्लीतल्या फायलींत असतात. ओळखायचे ते लक्षणांवरून, आणि त्यासाठी सगळ्यात स्वस्त उपकरण म्हणजे वही.

आधी वही

फिक्स गेला की लगेच मेनूत शिरून सेटिंग बदलू नका. आधी वेळ लिहा, मिनिटासकट. मग करेक्शनचं वय लिहा. कंट्रोलरवर ते ‘एज’ म्हणून दिसतं. मग उपग्रहांच्या यादीच्या पानावर जा आणि सिग्नलची ताकद पाहा. सगळ्यांची एकदम पडलीय, दोन-चारांचीच पडलीय, की कुणाचीच पडलेली नाही? शेवटी बेसपासूनचं अंतर लिहा. आठ दिवसांत वहीच बोलायला लागते. माझ्या वहीत दुपारी एक ते चारच्या नोंदींची रांग लागली, संध्याकाळी साडेसातनंतरच्या नोंदींची दुसरी, आणि वेळेचा काहीच मेळ नसलेल्या पाच-सहा नोंदी तिसऱ्या. तीन रांगा म्हणजे तीन वेगळे रोग.

करेक्शनचं वय वाढतंय

हा सगळ्यात सोपा, म्हणून पटकन उरकतो. वय एक-दोन सेकंदांवरून दहा, वीस, साठ असं चढत गेलं आणि सिग्नलची ताकद मात्र जिथल्या तिथे असली, तर आकाश ठीक आहे; तुमचा डेटा येत नाही. आपल्याकडे बहुतेक जण कॉर्सवर, म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कायम चालू असलेल्या संदर्भ स्टेशनांवर काम करतात, आणि तिथलं करेक्शन मोबाइल इंटरनेटवरून येतं. घाटात, खोलगटात, आठवडे बाजाराच्या दिवशी गर्दीने भरलेल्या टॉवरखाली ते अडकतं. दोन कंपन्यांची सिमं ठेवा आणि स्वतःचा बेस रेडिओवर चालवायची सवय मोडू देऊ नका.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. कायदा-सुव्यवस्थेसाठी इंटरनेट बंद केलं की मोजणीही बंद पडते. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात इंटरनेट थांबवलं गेलं, तेव्हा आकाशातले सगळे उपग्रह जागेवर होते. करेक्शन मात्र पोचणार कुठून? सेंटिमीटरची अचूकता आपण अंतराळातून घेतो असं वाटतं, पण तिचा शेवटचा धागा गावातल्या टॉवरला बांधलेला असतो. त्या टॉवरचं घड्याळही बऱ्याच ठिकाणी उपग्रहांच्याच वेळेवर मिळवलेलं असतं. म्हणजे दोघंही एकाच खुंटीला टांगलेले.

दुपारचं दुखणं

आता मुख्य रोग. लक्षण असं: मार्च-एप्रिल किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर, दुपारी एक ते चार. उपग्रह भरपूर, ताकद उत्तम, करेक्शनचं वय एक सेकंद, आणि तरी फ्लोट. बेस पाच किलोमीटरवर असला तर त्रास नाही. पंचवीस-तीस किलोमीटरवर असला की हमखास.

दोष आयनमंडलाचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचा. उपग्रहाची लहर सुमारे २०,००० किलोमीटरवरून येते आणि शेवटच्या हजारभर किलोमीटरांत तिला सूर्याने मोकळ्या केलेल्या इलेक्ट्रॉनांच्या गर्दीतून वाट काढावी लागते. गर्दी जितकी दाट, तितका उशीर. ही गर्दी ‘टेक’ या एककात मोजतात. एका एककामागे एल-१ या उपग्रहाच्या मुख्य लहरीच्या मोजमापात साधारण १६ सेंटिमीटरची चूक येते. सूर्य जोरात असलेल्या वर्षी भारतावरच्या आकाशात दुपारी हा आकडा शंभरावर जातो. म्हणजे सोळा मीटर.

आरटीकेची सगळी चलाखी अशी की बेस आणि रोव्हर एकाच आकाशाखाली असतील तर दोघांची चूक सारखीच, वजाबाकीत ती उडून जाते. पण आकाश सारखंच असेल याची हमी काय? भारतात ती युरोपपेक्षा फार कमी आहे, कारण चुंबकीय विषुववृत्त आपल्या दक्षिण टोकावरून जातं. केरळातल्या थुंब्याला १९६३ साली रॉकेट तळ उभा राहिला तो याचसाठी. दिवसा या रेषेवरचे इलेक्ट्रॉन वर उचलले जातात आणि चुंबकीय रेषांवरून घसरत दोन्ही बाजूंना पडतात, अगदी कारंज्यासारखे. आपल्या बाजूला त्यांचा ढीग साधारण अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात साठतो. खाली तिरुनेलवेलीकडे खळगा, वर भोपाळकडे ढीग, आणि महाराष्ट्र मधल्या उतारावर. उतारावर उभ्या असलेल्या दोन माणसांची उंची सारखी कशी येणार?

आकडा मांडून पाहा. बेस २५ किलोमीटरवर आहे आणि दर किलोमीटरला फक्त १ सेंटिमीटरचा फरक पडतोय असं धरा. वजाबाकीनंतर २५ सेंटिमीटर उरले. एल-१ लहरीची लांबी १९ सेंटिमीटर. रोव्हरला उपग्रहापर्यंतच्या पूर्ण लहरींची संख्या ठरवायची असते. चूकच एका लहरीपेक्षा मोठी झाली तर तो ठरवणार काय? प्रामाणिक यंत्र फ्लोटवर थांबतं. त्याचा राग येतो, पण खरं तर त्याचे आभार मानायला हवेत.

कारण दुसरं यंत्र फिक्स देतं, आणि खोटा देतं. त्याच पाइपलाइनवर मी दुपारी तीनला एक दगड मोजला. पडद्यावर फिक्स, अचूकता १.२ सेंटिमीटर, सगळं हिरवं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तोच दगड पुन्हा मोजला, तर २१ सेंटिमीटरचा फरक. वीतभर. पाइपलाइनला वीतभराने काही बिघडत नाही. पण तोच दगड दोन भावांच्या बांधावर असता तर? वीतभर जमिनीवरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारी घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. म्हणून ‘फिक्स’ हा शब्द पुरावा नव्हे. तो यंत्राचा स्वतःबद्दलचा अभिप्राय आहे.

महाराष्ट्रात कॉर्सची ७७ स्टेशनं उभी केली गेली. राज्याचं क्षेत्रफळ ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटर; म्हणजे एका स्टेशनच्या वाट्याला सरासरी ४,००० चौरस किलोमीटर आले. त्यामुळे कुणी ना कुणी तीस किलोमीटरवर असणारच. शांत आकाशात हे जाळं झकास चालतं. तीन-चार स्टेशनांमधून आकाशाचा उतार काढून तुमच्या जागेपुरतं करेक्शन बनवून देतं. पण उतार सरळ असला तरच. मधेच खड्डा किंवा उंचवटा आला की हिशेब फसतो. भूमी अभिलेख विभागही आता रोव्हरवरच मोजतो, त्यामुळे ही एकट्या खाजगी मोजणीदाराची डोकेदुखी राहिलेली नाही.

यावर मी करतो ते असं. हद्दीचे बिंदू सकाळी साडेअकराच्या आत. दुपारी विहिरी, झाडं, रस्त्याच्या कडा, म्हणजे जिथे वीतभराने कुणाचं पोट दुखणार नाही ते. दुपारीच हद्द घ्यावी लागली तर स्वतःचा बेस पाच किलोमीटरच्या आत, ओळखीच्या बिंदूवर. प्रत्येक हद्दीचा बिंदू दोनदा: एकदा मोजायचा, मग पोल उलटा करून उपग्रहांची पकड तोडायची, आणि तासाभराने परत येऊन पुन्हा मोजायचा. लगेच मोजलात तर तेच आकाश तीच चूक पुन्हा देऊन तुमचा विश्वास वाढवेल, एवढंच. क्षितिजालगतच्या उपग्रहांची लहर गर्दीतून तिरकी, लांब वाट काढत येते, म्हणून इलेव्हेशन मास्क, म्हणजे किती अंशांखालचे उपग्रह सोडून द्यायचे ती मर्यादा, १० वरून १५ अंशांवर. आणि कच्चा डेटा नेहमी साठवून ठेवायचा. रात्री घरी बसून पोस्ट-प्रोसेसिंगमध्ये खोटा फिक्स बऱ्याचदा पकडता येतो.

जाता जाता, या आकाशाच्या अभ्यासात आपला भाग मागे नाही. कुलाब्याच्या वेधशाळेत १८५९ चं मोठं सौरवादळ नोंदवलं गेलं होतं. पुढे मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या चुंबकीय गोंधळापासून दूर म्हणून १९०४ मध्ये ते काम अलिबागला हलवलं. माणसाने केलेला गोंगाट मापात शिरू नये म्हणून अख्खी वेधशाळा उचलून खाडीपलीकडे नेणारे लोक होते ते. हा मुद्दा पुढे जॅमरपाशी आठवा.

संध्याकाळची गळती

उन्हाळ्यात ऊन टाळायला बरेच जण संध्याकाळी काम करतात, आणि ड्रोनवाले तर सकाळ-संध्याकाळच. मार्च-एप्रिलमध्ये साडेसात-आठच्या पुढे वेगळंच दृश्य दिसतं. एका उपग्रहाची ताकद ४५ वरून २५, पुन्हा ४४, पुन्हा २०. शेजारचा उपग्रह मात्र ठणठणीत. थोड्या वेळाने आधीचा सावरतो आणि दुसरा गळतो.

सूर्य मावळल्यावर आयनमंडलाचा खालचा थर झपाट्याने विरतो, वरचा जड थर अधांतरी राहतो, आणि खालून विरळ इलेक्ट्रॉनांचे बुडबुडे वर घुसतात, आमटीला उकळी फुटावी तसे. हे बुडबुडे चुंबकीय रेषांच्या दिशेने शेकडो किलोमीटर लांब पसरतात आणि पूर्वेकडे सरकत राहतात. लहर त्यातून जाताना लुकलुकते. आकाशातली डोळ्यांना न दिसणारी मंद लाल प्रभा टिपणारे कॅमेरे कोल्हापुरात लावून नवी पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या बुडबुड्यांचे काळे पट्टे टिपले आहेत. आपल्या डोक्यावरचाच प्रकार आहे हा, कुठल्या परदेशी पुस्तकातला नव्हे.

यावर सेटिंगचा उतारा जवळजवळ नाही. जितक्या जास्त उपग्रह प्रणाली (अमेरिकेचं जीपीएस, रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ) चालू, तितकं बरं, कारण आकाशाच्या एका कोपऱ्यातले गळले तरी दुसऱ्या कोपऱ्यातले राहतात. पण हद्दीचं काम असेल तर गाडीत सामान भरा आणि घरी जा.

दिवसा, भलत्याच वेळी असं झालं तर सौरवादळाची बातमी पाहा. १० आणि ११ मे २०२४ ला २००३ नंतरचं सगळ्यात जोरदार वादळ आलं. अमेरिकेत पेरणीचे दिवस होते आणि उपग्रहांवर चालणारे ट्रॅक्टर वावरात उभे राहिले. सरळ तास धरायला माणूस हवा हे त्या दिवशी तिथल्या शेतकऱ्यांना पुन्हा आठवलं असेल. सूर्याच्या अकरा वर्षांच्या फेऱ्याची भरती ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाली. आता ओहोटीकडे वाटचाल आहे, त्यामुळे हा त्रास काही वर्षं कमी होत जाईल आणि पुढच्या भरतीला परत येईल. मधल्या काळात यंत्र विकणारे ‘आमच्या नव्या मॉडेलने प्रश्न सुटला’ म्हणतील. तारीख पाहून विश्वास ठेवा.

सगळे एकदम पडले तर

वहीतली तिसरी रांग. वेळेचा मेळ नाही, ऋतूचा मेळ नाही. दोन सेकंदांत जवळजवळ सगळ्या उपग्रहांची ताकद ४५ वरून २८ वर. दहा-पंधरा मिनिटांनी तितक्याच झटक्यात पुन्हा ठीक. आकाश असं वागत नाही. आकाशाला कोपरे असतात. हा मार जमिनीवरून आहे.

उपग्रहाची लहर आपल्यापर्यंत येते तेव्हा तिची शक्ती इतकी क्षीण असते की वॅटमध्ये लिहायची तर दशांशचिन्हापुढे पंधरा शून्यं काढून मग पहिला आकडा येतो. तिच्यापुढे सिगारेट लायटरच्या भोकात बसणारा एवढासा जॅमर म्हणजे भजनात डीजे.

माझ्या बाबतीत ती जागा हायवेवरच्या एका ढाब्यासमोरची होती. एक ठरावीक गाडी जेवायला थांबली की रोव्हर मरायचा. ओळखायची युक्ती साधी आहे. उपग्रहांच्या यादीत वारंवारतेनुसार पाहा. स्वस्त जॅमर बहुधा एल-१ च्या आसपास, १५७५ मेगाहर्ट्झभोवती ओरडतो. त्यामुळे जीपीएस आणि गॅलिलिओचं एल-१ मरतं आणि एल-५, म्हणजे ११७६ मेगाहर्ट्झ, तग धरतं. ग्लोनास थोडं वर, १६०२ वर असल्याने कधी कधी वाचतं. मग रोव्हर घेऊन एखाद्या पक्क्या भिंतीच्या आडोशाला जा. ताकद परत आली तर आवाज भिंतीच्या पलीकडून येतोय. गाडीवाल्याशी वाद घालायला जाऊ नका. वेळ, जागा आणि पडद्याचा फोटो घ्या.

गाडीत जॅमर कशाला? पाळत चुकवायला. अमेरिकेत नेवार्क विमानतळाशेजारून जाणाऱ्या एका चालकाने मालकाला आपण कुठे आहोत ते कळू नये म्हणून असा खेळ लावला होता. विमानतळावरच्या उपग्रह-आधारित अवतरण यंत्रणेला त्याचा उपद्रव झाला आणि २०१३ मध्ये त्याला जवळपास ३२ हजार डॉलरचा दंड लागला. आपल्याकडे प्रवासी गाड्यांना ट्रॅकर सक्तीचे झाले, गौण खनिज वाहतुकीच्या गाड्यांनाही जीपीएस सक्तीचं झालं. हेतू चांगलाच आहे. पण ट्रॅकर सक्तीचा करताना तो बंद पाडायची इच्छाही आपण सक्तीने पेरली, आणि तिचा बंदोबस्त कुणी केला नाही. वाळूच्या गाडीचा मालक वाचतो आणि बांधावर उभा असलेला मोजणीदार मरतो.

कायदा मात्र स्पष्ट आहे. दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये पुन्हा बजावलं की जीपीएस ब्लॉकर धरून कुठलाही जॅमर खाजगी माणसाने विकत घेणं, विकणं, वापरणं बेकायदा आहे. तक्रार घ्यायची ती त्याच विभागाच्या बिनतारी संनियंत्रण संघटनेने. पण तालुक्याच्या मोजणीदाराने ती कशी करायची, ती घेऊन कोण गाडी काढणार, याचा रस्ता तुम्हीच शोधायचा. अमेरिकेत तटरक्षक दलाचं केंद्र अशा नागरी तक्रारींसाठी साधा फॉर्म ठेवून आहे. आपल्याकडे जालन्याला उपग्रहांवर लक्ष ठेवणारं मोठं केंद्र आहे, पण ते वर आकाशाकडे पाहतं. ढाब्यासमोरच्या गाडीकडे कोण पाहणार? मी दोनदा लेखी तक्रार केली. पोच मिळाली. बाकी वहीत कोरी जागा आहे.

सगळेच दोषी मुद्दाम करतात असंही नाही. कॅलिफोर्नियात मॉस लँडिंग बंदरात २००१ मध्ये काही महिने जीपीएस चालेना. शोध लागला तो टीव्हीच्या अँटेनाच्या बिघडलेल्या अँप्लिफायरांपर्यंत. तेव्हा जागा ठरलेली असेल आणि गाडी दिसत नसेल, तर आजूबाजूच्या छपरांवर काय काय लावलंय तेही पाहा.

जागा उडी मारते, वेळही उडी मारते

हा प्रकार मी स्वतः पाहिलेला नाही, पण ड्रोनवाल्यांनी माहीत करून घ्यावा. इथे सिग्नल पडत नाही, उलट छान चढतो, आणि नकाशावर तुम्ही भलत्याच गावात असता. कुणीतरी उपग्रहांची नक्कल करतंय. पुण्याचे खासदार आणि नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी मार्च २०२५ मध्ये लोकसभेत सांगितलं, की नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूकडे, असे ४६५ प्रकार नोंदले गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते दिल्लीत झाले, आणि डिसेंबरमध्ये सरकारने संसदेत दिलेल्या विमानतळांच्या यादीत मुंबईचंही नाव होतं.

विमानं तरीही उतरली, कारण जमिनीवरची जुनी दिशादर्शक यंत्रणा किमान प्रमाणात राखायची असं धोरण आहे. हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. उपग्रह आले म्हणून विमानवाल्यांनी जुनं मोडीत काढलं नाही. आपण मोजणीवाल्यांनी टोटल स्टेशन, म्हणजे दुर्बिणीतून कोन आणि अंतर मोजणारं यंत्र, कोपऱ्यात धूळ खात टाकलं आणि जुने दगड रस्ता रुंदीकरणाच्या मुरुमात जाऊ दिले.

मग आपलं नाविक?

कुणीतरी विचारतंच, म्हणून लिहितो. कंट्रोलरमध्ये नाविक, म्हणजे भारताची स्वतःची उपग्रह प्रणाली, चालू केलं तर फिक्स सुधारेल का? आधी बेस काय पाठवतोय ते पाहा. माउंटपॉइंटच्या, म्हणजे इंटरनेटवर जिथून करेक्शन घेतो त्या प्रवाहाच्या, माहितीत संदेशांचे क्रमांक असतात. १०७१ ते १०७७ जीपीएस, १०९१ ते १०९७ गॅलिलिओ, ११२१ ते ११२७ चीनचं बैदू, ११३१ ते ११३७ नाविक. शेवटचे नसतील, तर रोव्हरला नाविक दिसत असूनही आरटीकेत त्याचा काडीचा उपयोग नाही. उपग्रहांच्या पानावर भारताचा झेंडा दिसला म्हणून हुरळून जाऊ नका.

तांत्रिकदृष्ट्या नाविकमध्ये मोठं बळ आहे. त्याची एस पट्ट्यातली लहर २४९२ मेगाहर्ट्झची. आयनमंडलाची चूक वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, म्हणजे एल-१ च्या दोन-पंचमांश. दुपारच्या दुखण्यावर हे घरचंच औषध होतं. पण घड्याळांनी घात केला. पहिल्या उपग्रहातली तिन्ही आयात रुबिडियम घड्याळं बंद पडली. त्याच्या बदली २०१७ मध्ये सोडलेला उपग्रह रॉकेटच्या टोपणातून बाहेरच आला नाही. २०२३ च्या एनव्हीएस-०१ वर स्वदेशी घड्याळ बसलं आणि एल-१ ही आलं. जानेवारी २०२५ मधला एनव्हीएस-०२ श्रीहरिकोट्याचं शंभरावं उड्डाण म्हणून गाजला, पण झडपा न उघडल्याने त्याला ठरलेली कक्षा गाठता आली नाही. जुलै २०२५ मध्ये संसदेत सांगितलं गेलं की ११ पैकी ४ उपग्रह जागा दाखवण्याचं काम करतायत. जागा काढायला किमान चारच लागतात. म्हणजे तेव्हा घरात माणसं चार आणि खाटेचे खांदेही चार. एकाला शिंक आली तरी पंचाईत. दोष एकट्या शास्त्रज्ञांचा नाही. बदली उपग्रह वेळेआधी तयार ठेवायचे, हा पैशाचा आणि वेळापत्रकाचा निर्णय असतो, आणि तो वर्कशॉपमध्ये होत नाही.

इतरांचंही सगळं आलबेल आहे असं नाही. ग्लोनासने एप्रिल २०१४ मध्ये अकरा तास चुकीच्या कक्षा प्रसारित केल्या. गॅलिलिओ जुलै २०१९ मध्ये सुमारे आठवडाभर बंद होतं. म्हणून एखाद्या दिवशी सगळं नीट असून स्थानच विचित्र आलं, तर एकेक प्रणाली बंद करून पाहा. एक काढल्यावर बाकीच्यांचं जुळलं, तर घरातला भांडखोर सापडला.

फिक्स खरा, तरी जागा चूक

हे थोडक्यात. सगळे बिंदू एकाच दिशेला, एकाच अंतराने सरकलेले असतील तर आकाशाला दोष देऊ नका. भारताची भूपट्टी वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकते. वीस वर्षांत मीटरभर. तुमच्या बेसचे निर्देशांक एका सालचे आणि कॉर्सचे दुसऱ्या सालचे असतील, तर फरक पडणारच. निर्देशांकाशेजारी साल लिहिलेलं नसेल तर तो कागद घेऊ नका.

दगड

शेवटी माझी रोजची पद्धत. कामाच्या जागेपासून दोन किलोमीटरच्या आत, हलणार नाही असा एक बिंदू: देवळाच्या ओट्याचा कोपरा, पुलाचा कठडा, किंवा जुना हद्दीचा दगड. तो सकाळी तीन वेळा, वेगवेगळ्या तासांना मोजून पक्का केलेला. रोज काम सुरू करताना आणि संपवताना रोव्हर त्यावर टेकवायचा. तीन सेंटिमीटरच्या आत जुळलं नाही तर मधल्या वेळातलं सगळं काम संशयित. गाडीत टोटल स्टेशन असतंच. फिक्स दोनदा फसला की ते बाहेर येतं आणि त्याच दगडावरून पुढचं काम होतं. त्याला आकाश लागत नाही, सिम लागत नाही.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने, १९६६ सालीच, हद्दीच्या निशाण्या सांभाळायची जबाबदारी जमीनधारकावर टाकून ठेवली आहे. मोजणीला गेलो की मी आता आधी तेच विचारतो: जुना दगड कुठंय? बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, "जेसीबीवाल्यानं काढला वाटतं." माणच्या त्या शेतकऱ्याने मात्र शेणाच्या उकिरड्याआडचा एक दगड दाखवला, आजोबांच्या वेळचा, वरती फुलीची खूण असलेला. त्याच्यावर रोव्हर ठेवला. दुपारचे अडीच वाजले होते. पडद्यावर फिक्स होता, आणि सकाळच्या मापाशी १७ सेंटिमीटरचा फरक.

"मग आता?" त्याने विचारलं.

"आता उद्या सकाळी," मी म्हणालो आणि पोल मिटवला.